खान्देशच्या माहितीसाठी क्वेरी सर्व्हर: सिमँटिक वेब ॲप्लिकेशनमधील त्याचे काम आणि उभारणी

गाव, तालुका, नदी, धरण, बाजार समिती, ग्रंथालय अशी एकमेकांत गुंतलेली माहिती दाखवणारे ॲप्लिकेशन लिहायला घेतले की बराचसा कोड माहितीची जोडाजोड करण्यातच खर्ची पडतो. तितूर नदी चाळीसगावातून वाहते हे एका तक्त्यात असते, चाळीसगाव तालुका जळगाव जिल्ह्यात मोडतो हे दुसऱ्या तक्त्यात असते, आणि या दोहोंची सांगड घालण्याची युक्ती प्रोग्रामरच्या डोक्यात व त्याच्या कोडमध्ये असते. तो नोकरी बदलून पुण्याला गेला की गाडे अडते. सिमँटिक वेबच्या पद्धतीत ही सांगड माहितीतच लिहून ठेवलेली असते आणि ती वाचून उत्तर काढण्याची जबाबदारी क्वेरी सर्व्हरवर असते. ॲप्लिकेशनकडे मग दोनच कामे उरतात: नेमके विचारणे आणि आलेले उत्तर नीट मांडणे.

खान्देशातील एखाद्या महाविद्यालयाला, सार्वजनिक ग्रंथालयाला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला असा सर्व्हर स्वतः चालवायचा असेल, तर काय ठरवावे, काय बसवावे आणि कशापासून दूर राहावे, हे पुढे क्रमाने दिले आहे. उदाहरणादाखल अपाची जेना या मुक्त प्रकल्पातील फ्युसेकी हा सर्व्हर घेतला आहे, कारण तो विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालतो आणि त्याची रचना समजायला सोपी आहे. जेनाची सुरुवात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या ब्रिस्टल येथील प्रयोगशाळेत झाली आणि २०१२ पासून ती अपाचीचा स्वतंत्र प्रकल्प आहे.

सर्व्हर नेमके काय करतो

आरडीएफ या मांडणीत प्रत्येक विधानाचे तीन भाग असतात: कशाविषयी, कोणता संबंध आणि कशाशी. ‘गिरणा तापीला मिळते’ हे असे एक विधान, म्हणजे एक ट्रिपल. ट्रिपलच्या साठ्याला स्पार्कल या भाषेत प्रश्न विचारतात. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने या भाषेची पहिली शिफारस २००८ मध्ये आणि आज सर्वत्र वापरात असलेली १.१ ही आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. भाषेसोबतच प्रश्न कसा पाठवायचा व उत्तर कोणत्या स्वरूपात यायचे याचा प्रोटोकॉलही ठरलेला असल्यामुळे, उद्या फ्युसेकी काढून व्हर्च्युओसो किंवा ग्राफडीबी असा दुसरा क्वेरी सर्व्हर बसवला तरी ॲप्लिकेशनचा कोड जवळजवळ तसाच राहतो. क्वेरी सर्व्हर वेगळा ठेवण्याचा सर्वांत मोठा व्यवहारी फायदा मला हाच वाटतो. बाकीचे फायदे पुस्तकात अधिक आणि कामात कमी दिसतात.

क्वेरी आल्यावर सर्व्हर आधी तिचे व्याकरण तपासतो, मग तिचे बीजगणितासारख्या रूपात रूपांतर करतो, कोणता नमुना आधी शोधायचा याचा क्रम लावतो, इंडेक्समधून जुळणारी विधाने काढून एकमेकांशी जोडतो आणि शेवटी जेसन, एक्सएमएल किंवा सीएसव्ही यांपैकी मागितलेल्या स्वरूपात उत्तर देतो. जेनाच्या टीडीबी या साठ्यात प्रत्येक ट्रिपल तीन वेगवेगळ्या क्रमांनी इंडेक्स केलेला असतो आणि नामांकित ग्राफमधील, म्हणजे नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या गटांतील, विधानांसाठी सहा इंडेक्स असतात. नावे आणि मजकूर एकदाच एका स्वतंत्र तक्त्यात राहतात. इंडेक्समध्ये केवळ आठ-आठ बाइटचे क्रमांक असतात. म्हणूनच ‘गिरणा कशाला मिळते’ आणि ‘तापीला कोणकोण मिळते’ हे उलटसुलट प्रश्न आपण वेगळी तयारी न करताही सर्व्हर झटपट सोडवतो. रिलेशनल डेटाबेसमध्ये दुसऱ्या प्रश्नासाठी कोणीतरी आठवणीने इंडेक्स करून ठेवावा लागला असता.

आधी ओळखक्रमांक, मग माहिती

सर्व्हर बसवण्याआधी करायचे काम म्हणजे प्रत्येक वस्तूचा कायमचा वेबपत्ता, म्हणजे तिची ओळख, ठरवणे. वडगाव, पिंप्री यांसारखी नावे अनेक तालुक्यांत आढळतात, तेव्हा केवळ नावावरून पत्ता करता येत नाही. पत्त्यात तालुका आणि जिल्हा घालण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. खान्देशचा प्रशासकीय इतिहासच त्याचे कारण सांगतो. मूळच्या खान्देश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खान्देशचा पुढे जळगाव झाला, पश्चिम खान्देशचा धुळे झाला आणि त्या धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. ज्याने १९९७ साली शहाद्याच्या पत्त्यात ‘धुळे’ लिहिले असते, त्याला पुढच्याच वर्षी शेकडो पत्ते बदलावे लागले असते, आणि त्या पत्त्यांवर बाहेरून कोणी दुवे दिले असते तर तेही तुटले असते.

गावांसाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील संकेतांक घ्यावा आणि पत्ता तेवढ्यावरच बांधावा. नाव, जुने नाव, तालुका, जिल्हा ही सर्व त्या पत्त्याविषयीची विधाने म्हणून लिहावीत. ‘मुक्ताईनगर’ हे मुख्य नाव आणि ‘एदलाबाद’ हे पर्यायी नाव अशी नोंद स्कॉस या शब्दसंग्रहातील गुणधर्मांनी होते, आणि मग जुन्या दस्तऐवजातले नाव टंकणाऱ्यालाही तोच तालुका सापडतो.

बसवणे आणि भरणे

तीन जिल्ह्यांतील २५ तालुके, त्यांतील गावे, नद्या, धरणे, शाळा व ग्रंथालये एवढ्या पसाऱ्यासाठी आठ जीबी रॅमचा साधा संगणक पुरतो. जेनाच्या पाचव्या आवृत्तीला जावा १७ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण अनुभवी प्रोग्रामरही तिच्यात फसतात: सर्व्हर मंद वाटला की जावाला जास्तीत जास्त मेमरी देण्याची सवय असते, पण टीडीबी आपल्या इंडेक्सच्या फाइली ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमधून वाचते. आठपैकी सात जीबी जावाला दिल्यास त्या कॅशला जागा उरत नाही आणि सर्व्हर आणखी मंदावतो. दोन-तीन जीबी जावाला देऊन बाकी मोकळी सोडावी.

माहिती टर्टल या, ट्रिपल लिहिण्याच्या साध्या मजकुरी स्वरूपातील फाइलींत तयार करावी. पहिली मोठी भरणी सर्व्हर बंद ठेवून टीडीबी-२ च्या (टीडीबीच्या दुसऱ्या पिढीच्या) लोडर आदेशाने करावी. सर्व्हर चालू असताना दुसऱ्या प्रोग्रामने त्याच फोल्डरला हात लावू नये, कारण एका वेळी एकाच प्रक्रियेने तो साठा उघडायचा असतो. त्यानंतर सर्व्हर सुरू करताना साठ्याचा प्रकार, फोल्डर आणि डेटासेटचे नाव सांगितले की ३०३० या पोर्टवर तो ऐकू लागतो. आदेशओळीवरून असा सुरू केलेला डेटासेट, बदलाची परवानगी वेगळी मागितल्याखेरीज, केवळ वाचण्यापुरता असतो. तो तसाच ठेवावा.

प्रत्येक स्रोताची माहिती स्वतंत्र नामांकित ग्राफमध्ये भरावी: गावांची यादी एकात, नद्यांची आपण तपासलेली नोंद दुसऱ्यात, विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यावरून आणलेली तिसऱ्यात. कोणती गोष्ट कुठून आली हे सांगता येते आणि एखादा स्रोत बिघडला तर तेवढाच ग्राफ पुसून पुन्हा भरता येतो. मात्र असे भरल्यावर साधी क्वेरी केली तर उत्तर रिकामे येते आणि नवखा माणूस भरणीच फसली असे समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. भरणी नीट झालेली असते; क्वेरी फक्त मुख्य ग्राफ पाहते आणि तो रिकामा असतो. कॉन्फिगरेशनमध्ये ‘युनियन डिफॉल्ट ग्राफ’ हा पर्याय चालू केला की सर्व ग्राफ मिळून एकच असल्यासारखे दिसतात.

एक क्वेरी जवळून

नद्यांच्या ग्राफमध्ये पुढील चार विधाने आहेत आणि प्रत्येक नदीचे मराठी नावही लेबल म्हणून नोंदलेले आहे असे समजा. ‘खा:’ हा आपल्या पत्त्यांचा आखूड उपसर्ग आहे.

खा:मोसम खा:मिळते खा:गिरणा .
खा:गिरणा खा:मिळते खा:तापी .
खा:पांझरा खा:मिळते खा:तापी .
खा:पूर्णा खा:मिळते खा:तापी .

ज्या ज्या नद्यांचे पाणी शेवटी तापीत जाते त्या सर्व हव्या असतील, तर क्वेरी अशी होते.

सिलेक्ट ?नदी ?नाव
व्हेअर {
?नदी खा:मिळते+ खा:तापी .
?नदी आरडीएफएस:लेबल ?नाव .
फिल्टर ( लँग(?नाव) = "एमआर" )
}

सिलेक्ट, व्हेअर, फिल्टर, लँग हे आदेशशब्द, आरडीएफएस हा उपसर्ग, लेबल हा गुणधर्म आणि एमआर हा मराठीचा भाषासंकेत प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकायचे असतात. येथे ते देवनागरीत उतरवले आहेत. उरलेला भाग मात्र आहे तसाच चालतो. स्पार्कलच्या व्याकरणात चलांची नावे, उपसर्ग आणि वस्तूंची नावे देवनागरीत लिहिण्याची मुभा आहे, आणि ‘?नदी’, ‘?तालुका’ अशी चले वापरल्यास महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना क्वेरी एका वाचनात कळते. रोमन चलनावांचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. नद्यांसारख्या मोजक्या वस्तूंचे पत्ते नावांवर बांधले तरी चालतात. गावांचे मात्र वर सांगितल्याप्रमाणे संकेतांकावरच असावेत.

या क्वेरीतील सगळे बळ ‘मिळते’ या संबंधापुढील अधिकचिन्हात आहे. त्याचा अर्थ, हा संबंध एकदा किंवा लागोपाठ कितीही वेळा. मोसम मालेगावजवळ गिरणेला मिळते आणि गिरणा तापीला, म्हणून मोसम थेट तापीला मिळत नसूनही उत्तरात येते. चिन्ह काढून टाकले तर गिरणा, पांझरा आणि पूर्णा एवढ्याच येतात. हीच गोष्ट ॲप्लिकेशनमध्ये करायची तर एकामागून एक प्रश्न विचारणारे लूप लिहावे लागते आणि प्रत्येक पायरीला नेटवर्कची एक फेरी होते. सर्व्हरमध्ये ते सर्व एका फेरीत उरकते.

काहीजण अशा ठिकाणी तर्कयंत्रणा चालू करतात, म्हणजे ‘मिळते’ हा पुढेपुढे लागू होणारा (संक्रमक) संबंध आहे असे घोषित करून उरलेली विधाने सर्व्हरनेच अनुमानाने काढावीत अशी सोय करतात. लहान साठ्यावर ते शोभते. माझ्या मते जिल्हापातळीच्या कामाला त्याची गरज नाही: अधिकचिन्हाने काम भागत असेल तर ते वापरावे, आणि तेच अनुमान वारंवार लागत असेल तर रात्री एकदा कन्स्ट्रक्ट क्वेरीने नवी विधाने काढून वेगळ्या ग्राफमध्ये ठेवून द्यावीत. तर्कयंत्रणेमुळे उत्तर उशिरा का येते आहे, हे शोधायला बसले की दिवस जातो.

कन्स्ट्रक्टचा उल्लेख आला म्हणून सांगतो. सिलेक्ट तक्ता देते, कन्स्ट्रक्ट नवे ट्रिपल देते, आस्क केवळ होय किंवा नाही सांगते आणि डिस्क्राइब एखाद्या वस्तूविषयी सर्व्हरला योग्य वाटेल ते देते. या शेवटच्या प्रकाराचे उत्तर सर्व्हरगणिक बदलते, म्हणून ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये त्यावर विसंबू नये.

मराठी मजकुराचे काटे

इंग्रजी मार्गदर्शिकांत ज्यांचा उल्लेखही नसतो अशा अडचणी मराठी माहिती भरताना येतात, आणि त्यांतली एकही सर्व्हरकडून त्रुटी म्हणून दाखवली जात नाही. उत्तर मुकाट्याने रिकामे किंवा अपुरे येते.

पहिली अडचण भाषासंकेताची. ‘धुळे’ ही नुसती अक्षरमाला आणि मराठीचा संकेत लावलेले ‘धुळे’ या स्पार्कलच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. माहितीत संकेत असेल आणि क्वेरीत नसेल तर जुळणी होत नाही. सर्व नावांना संकेत लावावा आणि क्वेरीतही तो लिहावा. खान्देशात या संकेतांचा आणखी एक उपयोग होतो. अहिराणीला आंतरराष्ट्रीय सूचीत ‘एएचआर’ हा स्वतंत्र संकेत आहे, तेव्हा धुळ्याला मराठी लेबल ‘धुळे’ आणि अहिराणी लेबल ‘धुये’, जळगावला ‘जळगाव’ आणि ‘जयगाव’ अशी दोन्ही नावे एकाच पत्त्यावर सुखाने नांदतात. अहिराणी नाव सर्वच गावांना मिळणार नाही. म्हणून क्वेरीत ते ऑप्शनल गटात मागावे आणि नसेल तेथे मराठी नाव घ्यावे असे कोअलेस या फंक्शनने सांगावे. ऑप्शनल विसरले तर अहिराणी नाव नसलेली गावे यादीतूनच गळून पडतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. शिरपूर तालुक्यातील ‘तऱ्हाडी’ हे नाव घ्या. त्यातला रफाराचा वेगळा आकार दोन प्रकारांनी टंकता येतो: युनिकोडमधील नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलंत वापरून, किंवा साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण सर्व्हरला ते वेगळे शब्द वाटतात. ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतही हेच होते. युनिकोडचे नेहमीचे एनएफसी सामान्यीकरण करून हा भेद मिटत नाही, कारण त्या दोन रूपांना युनिकोड समतुल्य मानत नाही. ‘ॲ’ हे अक्षरही असेच एका संकेताने किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन संकेतांनी लिहिले जाते. उपाय एकच आहे: भरणीपूर्वी सर्व फाइलींवर एक छोटा प्रोग्राम चालवून दुहेरी रूपे एका ठरलेल्या रूपात आणावीत आणि वापरकर्त्याने शोधचौकटीत टंकलेल्या मजकुरावरही तोच प्रोग्राम चालवावा. फक्त एका बाजूला केले तर काहीच साधत नाही.

देवनागरी अंक लेबलमध्ये चालतात, संख्या म्हणून चालत नाहीत. पूर्णांकाच्या प्रकारात ‘१९९८’ असे देवनागरीत लिहिले तर ते मूल्य अवैध ठरते आणि लहानमोठेपणाची तुलना व बेरीज फसते. मूल्य इंग्रजी अंकांत (0 ते 9) साठवून देवनागरी रूप दाखवतेवेळी ॲप्लिकेशनने करावे.

यादीचा क्रम ही तुलनेने किरकोळ बाब, पण लोक तक्रार हिचीच करतात. ऑर्डर बाय हा आदेश एरवी युनिकोडच्या क्रमाने लावतो, त्यामुळे ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या पाठोपाठ येतो आणि ‘क्ष’ने सुरू होणारी नावे ‘क’मध्ये मिसळतात. जेनामध्ये भाषेनुसार क्रम लावणारे कोलेशन फंक्शन आहे. ते वापरावे किंवा क्रम ॲप्लिकेशनमध्ये लावावा.

काळ जेथे महत्त्वाचा आहे

‘शहादा नंदुरबार जिल्ह्यात आहे’ हे विधान आज खरे आहे, १९९५ साठी खरे नाही. जुन्या वर्तमानपत्रांची, दप्तरांची किंवा व्यक्तींची माहिती जोडायची असेल तर या प्रश्नाला बगल देता येत नाही. माजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांचा जन्म १९३४ मध्ये नाडगावचा. त्या वेळी जळगाव या नावाचा जिल्हाच नव्हता, जिल्हा पूर्व खान्देश होता. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ मध्ये स्थापन झाले तेव्हा धुळे हे पश्चिम खान्देशचे ठिकाण होते.

यासाठी गाव व जिल्हा यांच्यामध्ये ‘समावेश’ नावाची एक मधली वस्तू ठेवावी आणि तिला चार विधाने द्यावीत: कोणता तालुका, कोणता जिल्हा, कधीपासून, कधीपर्यंत. शहाद्याच्या एका समावेशाची शेवटची तारीख ३० जून १९९८ असेल आणि दुसऱ्याची पहिली तारीख १ जुलै १९९८. क्वेरीत तारीख देऊन फिल्टर लावला की त्या दिवशीचा जिल्हा मिळतो. आजच्या जिल्ह्यासाठी मात्र ही कसरत दर वेळी करू नये. चालू स्थितीचे थेट विधानही सोबत ठेवावे, कारण दहापैकी नऊ वेळा लोकांना आजचेच हवे असते. माहिती दोनदा नोंदवली म्हणून शुद्धतावादी नाके मुरडतील. मुरडू द्यावीत, पण ही दोन विधाने एकमेकांशी जुळतात का हे तपासणारी आस्क क्वेरी रोज चालवावी.

दारावरची शिस्त

क्वेरी सर्व्हर रिलेशनल डेटाबेसहून एका बाबतीत फार वेगळा आहे. डेटाबेस ॲप्लिकेशनच्या आड लपलेला असतो. स्पार्कलचा एंडपॉइंट, म्हणजे प्रश्न स्वीकारणारा वेबपत्ता, मात्र कोणालाही कोणताही प्रश्न विचारू देतो, आणि ‘सर्वांचे सर्वांशी नाते दाखव’ असा प्रश्नही व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असतो. असा एक प्रश्न संपूर्ण यंत्र गुंतवून ठेवू शकतो.

म्हणून वेळमर्यादा आधी घालावी. फ्युसेकीत ती मुळात घातलेली नसते. कॉन्फिगरेशनमध्ये मिलिसेकंदांत सांगावी लागते. विकिडेटाची सार्वजनिक क्वेरी सेवा एका क्वेरीला ६० सेकंद देते. स्थानिक कामाला १० ते १५ सेकंद भरपूर होतात. त्याहून जास्त वेळ लागणारी क्वेरी बहुतेकदा चुकीची लिहिलेली असते: दोन नमुन्यांना जोडणारे सामाईक चल राहून गेलेले असते किंवा नावे शोधायला रेजेक्स (अक्षरांचा नमुना जुळवणारा) फिल्टर लावलेला असतो, जो प्रत्येक लेबल उघडून पाहतो. नावांच्या शोधासाठी जेनाचा ल्युसीन या शोधप्रणालीवर आधारलेला मजकूर-इंडेक्स लावावा. तो ‘धुळ्यातील’ या रूपावरून ‘धुळे’ ओळखत नाही, तेव्हा शोधचौकटीत टंकता टंकता गावांची नावे सुचवून त्यांतून निवड करू द्यावी, हे बरे.

ॲप्लिकेशनने ब्राउझरमधून थेट एंडपॉइंटला क्वेरी पाठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मध्ये एक छोटी सेवा ठेवावी, तिच्यात ठरलेल्या पंधरावीस क्वेरी नावांसह ठेवाव्यात, आणि बाहेरून फक्त नाव व मूल्ये घ्यावीत. याची तीन कारणे आहेत. वापरकर्त्याने टंकलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात थेट चिकटवला तर अवतरणचिन्ह आणि महिरपी कंस टाकून तो क्वेरीचा अर्थच बदलू शकतो. मूल्य स्वतंत्रपणे बांधून देण्याची सोय जेनामध्ये आहे, ती वापरलीच पाहिजे. दुसरे, ठरलेल्या क्वेरीची उत्तरे कॅशमध्ये ठेवता येतात. तिसरे कारण देवनागरीचे आहे: गेट पद्धतीने, म्हणजे क्वेरी पत्त्यातच लिहून, पाठवताना प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन रोमन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये विनंतीच्या ओळीची मूळ मर्यादा ८ किलोबाइट असते; साधारण नऊशे देवनागरी चिन्हांतच ती संपते आणि सर्व्हरपर्यंत क्वेरी पोहोचण्यापूर्वीच नकार येतो. मधली सेवा मुख्य सर्व्हरशी पोस्ट पद्धतीने बोलते, म्हणजे क्वेरी पत्त्यात न लिहिता विनंतीच्या मजकुरात पाठवते, त्यामुळे हा प्रश्न उरत नाही.

संशोधकांसाठी किंवा विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी खुला एंडपॉइंट ठेवायचा असेल तर तो वेगळ्या यंत्रावर, साठ्याच्या प्रतीवर, केवळ वाचण्यापुरता ठेवावा.

बाहेरचे सर्व्हर

स्पार्कल १.१ मध्ये सर्व्हिस हा आदेश आहे: क्वेरीचा एक भाग दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवून तिथले उत्तर आपल्या उत्तरात मिसळता येते. आपल्याकडे तालुक्यांची माहिती आहे, विकिडेटाकडे व्यक्तींची जन्मस्थाने आहेत. दोन्ही एका क्वेरीत जोडली की ‘यावल तालुक्यात जन्मलेल्या व्यक्ती’ अशी यादी तयार होते. कागदावर ही सिमँटिक वेबची सर्वांत देखणी बाजू आहे. प्रत्यक्षात आपले पान उघडणे दुसऱ्याच्या यंत्राच्या तब्येतीवर अवलंबून राहते. शिवाय आपल्याकडची गावे एकेक करून पाठवली गेली तर एका क्वेरीमागे शेकडो विनंत्या बाहेर जातात आणि समोरचा सर्व्हर आपल्याला अडवतो.

म्हणून बाहेरची माहिती दिवसातून किंवा आठवड्यातून एकदा कन्स्ट्रक्टने आणावी, विनंतीत आपला परिचय व संपर्क द्यावा, आणलेले ट्रिपल वेगळ्या नामांकित ग्राफमध्ये ठेवावेत आणि ॲप्लिकेशनने आपल्याच प्रतीला विचारावे. विकिडेटाची माहिती सीसी-शून्य या मुक्त परवान्याखाली असल्याने अशी प्रत ठेवण्यास कायदेशीर अडचण नाही. पिकांच्या नावांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ॲग्रोव्हॉक हा बहुभाषिक शब्दसंग्रह उपयोगी पडतो: आपल्या साठ्यातील केळीची नोंद त्यातील केळीच्या संकल्पनेशी एकदा जोडली की इतर भाषांतील नावे आयती मिळतात. नवी फाइल आली की ती थेट मुख्य साठ्यात न घालता आधी शॅकल या २०१७ च्या मानकानुसार तपासावी. प्रत्येक गावाला एक मराठी नाव, एक संकेतांक आणि चालू तालुका आहे का, एवढे नियम सुरुवातीला पुरेत.

काय या साठ्यात ठेवू नये, हेही ठरवावे. रावेरचे केळीचे भाव रोज बदलतात आणि त्यांचा प्रश्न नेहमी एकच असतो: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत भाव काय होता. त्यासाठी साधा रिलेशनल तक्ता उत्तम. क्वेरी सर्व्हरमध्ये बाजार समिती, पीक आणि वाण यांची ओळख असावी; भावांच्या तक्त्यात त्याच ओळखीचे संकेतांक असावेत. सर्व काही ट्रिपलमध्ये कोंबण्याचा अट्टहास केलेले प्रकल्प दुसऱ्या वर्षी बंद पडतात.

देखभाल

टीडीबी-२ मध्ये बदल करताना जुनी पाने लगेच मोकळी होत नाहीत, त्यामुळे लहानलहान बदलांनी साठ्याचे फोल्डर फुगत जाते. महिन्यातून एकदा कॉम्पॅक्टचा आदेश द्यावा आणि जुनी प्रत खात्री पटल्यावर काढावी. बदल व्यवहाराच्या पद्धतीने नोंदले जात असल्याने वीज गेली तरी अर्धवट बदल साठ्यात राहत नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी यंत्र ठेवणार असाल तर यूपीएस लावावाच, कारण भारनियमनात बिघडते ती बहुधा डिस्क.

बॅकअप म्हणून फोल्डरची नुसती नक्कल करू नये. चालू सर्व्हरच्या फोल्डरची नक्कल अर्धवट स्थितीतली असू शकते. फ्युसेकीचा बॅकअप आदेश सर्व ट्रिपल ग्राफच्या नावांसह एन-क्वाड्स स्वरूपात काढून देतो. ती फाइल कोणत्याही मानक क्वेरी सर्व्हरमध्ये भरता येते. आठवड्याची फाइल दुसऱ्या संगणकावरील रिकाम्या साठ्यात भरून पाहावी आणि तिच्यावर ठरावीक क्वेरी चालवाव्यात: तिन्ही जिल्ह्यांचे तालुके अनुक्रमे १५, ४ आणि ६ येतात का, तापीच्या उपनद्यांत मोसम येते का, १९९५ च्या तारखेला शहादा धुळ्यात दिसतो का, ‘तऱ्हाडी’ दोन्ही रूपांत टंकून सापडते का. यांपैकी एकाचे जरी उत्तर चुकले, तरी त्या आठवड्यातील बदल मुख्य सर्व्हरवर नेण्याचे थांबवून ज्या ग्राफमध्ये बिघाड आहे तेवढाच पुसून मूळ फाइलीतून पुन्हा भरावा.